तोरिनोहून अव्याला

प्रिय अव्या,

गणपतीत तुझं पत्र आलं, उत्तर आत्ता देतोय. शिव्या घालून घे आधी. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच.

इथे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून तुला लिहितोय. आमच्या घरमालकीणबाई, वय ऐंशीच्या पुढे, परवा जिन्यात इटालियनमध्ये म्हणाल्या, 'दियामोची देल तू.' आता आपण एकमेकांना तू म्हणू या. अगदी आपलाच 'तू', उच्चारसुद्धा तोच! हे मोठ्या माणसानेच सुचवायचं असतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही.

आजवर मी त्यांना 'लेई' म्हणायचो. लेई म्हणजे खरं तर 'ती'. समोरचा मिशाळ हवालदार असला तरी त्याला 'ती' म्हणायचं, आणि तो आदर! मुसोलिनीच्या सरकारला हे खुपलं; १९३८ मध्ये लेई बंद, 'वोई' म्हणजे 'तुम्ही' म्हणा, असं फर्मान निघालं. 'लेई' नावाचं बायकांचं एक नियतकालिक होतं, तिथे त्याचा अर्थ निव्वळ 'ती'. तरी बिचाऱ्याला नाव बदलून 'आनाबेल्ला' व्हावं लागलं.

तर मी काय करतो, तू-लेई दोन्ही टाळतो. आपण नाही का, तुम्ही म्हणावं की तू ते ठरेना की 'काय, जेवण झालं का?' म्हणून सुटतो. कर्ता इथेही गाळतात, पण क्रियापद चुगली करतं. हवंय का विचारताना 'वुओई' म्हटलं की तू, 'वुओले' म्हटलं की लेई. म्हणून मी 'कोमे सी स्ता?' काढलं, कसं काय चाललंय, कुणाचं ते गुलदस्त्यात. बाई म्हणाल्या, 'सी कोण? इथे तर मीच उभी आहे.'

तू म्हणशील, आईला तू म्हणतोसच की. तेच तर. शेजारच्या काकूंना तुम्ही, आईला तू. आणि मी फेब्रुवारीत खोली सोडून पुण्याला येतोय, ते बाईंना अजून माहीत नाही. मुलगा वर्षातून एकदा येतो, औषधांच्या डब्या मीच भरून देतो. लेईवर असतो तर 'ल्येलो दीको' म्हणून मोकळा झालो असतो. त्या 'ल्ये'त त्याला, तिला, त्यांना, तुम्हाला, सगळे मावतात, जरा आडोसा मिळतो. आता म्हणायचं 'ते लो दीको', तुला सांगतो. थेट तोंडावर. पुढे 'मे ने वादो', मी निघालो. त्यातला 'ने' म्हणजे इथून. हाच 'ने' पोर्ता पालात्सोच्या बाजारात टोमॅटोवाला सकाळपासून ओरडत असतो, किती 'ने' देऊ म्हणून. तिथे त्याचा अर्थ 'त्यातले'. संध्याकाळच्या वर्गात तो पाठ झाला. जिन्यात तोंडातून निघत नाही.

तुला हसू येत असेल. शमीला वहिनी म्हण, असं तुझ्या आईने सांगितलं तेव्हा मी चार वर्षं एका बाकावर बसलेल्या पोरीला अहोजाहो करणार नाही म्हणालो, आणि तू दिवाळीभर माझ्याशी बोलला नाहीस. माझंच बरोबर होतं, अजूनही म्हणतो. पण तेव्हा तू म्हणणं किती सोपं होतं रे.

रविवारी त्यांच्याकडे जेवायला आहे. जेवणाआधी सांगू की कॉफीनंतर?

तुझ्या प्लॉटचं काय झालं? सातबारा निघाला का? चिनूच्या निकालाचं शमीने कळवलं, शाब्बास म्हणून सांग. मोठ्या पत्राची वाट बघू नकोस, शनिवारच्या आत फोन कर.

तुझा,
नंदू