कुत्र्याच्या एकटेपणाचे काय?

महोदय,

पाळीव प्राण्यांमुळे मनावरचा ताण हलका होतो, हे सांगणारा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हृदयरुग्ण कक्षातून घरी गेलेल्या ९२ जणांची वर्षभर नोंद ठेवली होती. घरात प्राणी असलेल्या ५३ पैकी ३ जण दगावले, नसलेल्या ३९ पैकी ११. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही. तरी कुत्र्यामुळे रोज दोनदा चालणे होते, घरात बोलायला कोणी असते, हा लाभ मोठाच.

पण माणसाचे एकटेपण घालवायला आणलेले कुत्रे स्वतः नऊ-नऊ तास बंद घरात एकटे असते, त्याचे काय? दार ओरबाडणे, सतत भुंकणे, लाळ गळणे, घरातच शू करणे याला आपण खोडी म्हणतो. बऱ्याचदा ती धास्ती असते आणि मालक गेल्यापासून अर्ध्या तासाच्या आतच सुरू होते. मोबाइल लावून चित्रीकरण केले की खात्री पटते. परतल्यावर रागावण्याचा उपयोग शून्य. कान पाडून बसलेले कुत्रे 'अपराधी' वाटते खरे, पण कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९च्या प्रयोगात हा चेहरा मालकाच्या रागावण्यामुळे दिसला. कुत्र्याने आगळीक केली होती की नाही, याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

एकटे राहण्याची सवय लावावी ती सेकंदांपासून. आधी किल्ली उचलून, चप्पल घालून पुन्हा घरातच बसावे, या खुणांची भीती मोडेपर्यंत. मग दाराबाहेर ५ सेकंद, १०, ३०, मध्येच पुन्हा ५. वेळ सारखी चढती ठेवली तर कुत्र्याला अंदाज येतो. ते अस्वस्थ व्हायच्या आत परतायचे. येरझारा सुरू झाल्या किंवा आवडता खाऊही तोंडात घेईना, तर वेळ निम्म्यावर आणावी. पहिली ३०-४० मिनिटे गाठायलाच आठवडे जातात, नंतर वेळ भराभर वाढते. बहुतेकांचे चुकते ते इथे: सकाळी सराव आणि दुपारी कुत्रे चार तास एकटे. एवढ्याने केलेली मेहनत वाया जाते. या काळात सोबतीला कोणीतरी हवेच. पिंजऱ्यात कोंडल्यास घाबरलेले कुत्रे गज चावून दात मोडून घेते. त्रास तीव्र असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषधही द्यावे, त्यात कमीपणा नाही. म्हातारे कुत्रे अचानक असे वागू लागले, तर आधी दुखणे, बहिरेपण तपासून घ्यावे.

ब्रिटनमधल्या १९६५च्या ब्रॅम्बेल अहवालातून पुढे आलेली 'पाच स्वातंत्र्ये', म्हणजे प्राण्यांना नीट वागवण्याचे पाच निकष, मुळात शेतीतल्या जनावरांसाठी होती. आज ती घरच्या प्राण्यांनाही लावली जातात, आणि त्यांतले एक भय व मानसिक क्लेशापासून मुक्ती हे आहे. अन्न, पाणी, लस दिली की झाले, ही समजूत त्यामुळे मागे पडते आहे. दत्तक देणाऱ्या संस्थांनी अर्जात जागेच्या क्षेत्रफळाआधी एक प्रश्न विचारावा: दिवसातले किती तास घरात माणूस असेल?

– एक पशुवैद्यक