घरी पाठवण्याआधी त्याला त्याच्या भाषेत विचारा

मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

बँकेच्या नोकरीतली चार वर्षं मी दरभंग्याला काढली. तिथे कानावर पडून पडून मैथिली कळायला लागली, मोडकीतोडकी बोलताही येते. तेवढ्यासाठीच गेल्या पावसाळ्यात मला पुण्यातल्या एका बालगृहातून बोलावणं आलं. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा पुणे स्टेशनच्या जिन्याखाली एकटा सापडला होता. त्याच्या कागदावर लिहिलं होतं, 'बालक घरी जाऊ इच्छितो.'

मी मैथिलीत नाव विचारलं तेव्हा त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "हम घर नै जायब." मी घरी जाणार नाही. रडत, तोंडातल्या तोंडात बोललेला तो 'नै' आधी कुणाला ऐकूच आला नव्हता. गावच्या मुकादमानं त्याच्या वडिलांना उचल दिली होती. ती फिटावी म्हणून याला चाकणजवळच्या धाब्यावर आणून ठेवलं, तिथून तो पळाला. घरी गेलं की मुकादम दारात येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अशी उचल वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार फेडावी लागतच नाही. वडिलांनीही नाही. हे मलाही नंतर एका वकील मैत्रिणीकडून कळलं. त्या मुलाला कोण सांगणार होतं?

तिथली माणसं निष्काळजी नव्हती. चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे नेलं होतं, बाल न्याय अधिनियम, २०१५ सांगतो तसंच. पण निर्णयात मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं, हेही तोच कायदा सांगतो. म्हणणंच उलटं लिहिलं गेलं, तर पुढची चौकशी, अहवाल, आदेश सगळं त्या एका चुकीच्या ओळीवर चालतं. पुष्कळ मुलांना घरीच जायचं असतं. त्यांना जरूर लवकर पोचवावं. पण विचारल्यावर, आणि उत्तर समजल्यावर.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे बालकाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्या प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगरला, जिल्हा न्यायालयात आहे. स्टेशनवर सापडलेलं पोर तिथे अर्ज घेऊन कसं जाईल? वकिलानंच त्याच्याकडे यायला हवं. मुलाला परराज्यात पाठवण्याचा आदेश निघण्याआधी वकील त्याला भेटला, कुठल्या भाषेत बोलणं झालं, दुभाषी कोण होता, एवढं आदेशातच लिहिणं सक्तीचं करा.

आणि प्रत्येक समितीला दुभाष्यांची यादी द्या, मानधनासकट. मैथिली, भोजपुरी, ओडिया, बांगला, संथाली, नेपाळी. या भाषा बोलणारे विद्यार्थी, परिचारिका, कारखान्यातले कामगार पुण्यात राहतात. त्यांना कुणी विचारलेलं नाही, इतकंच. आपलं आयुक्तालयही याच शहरात आहे, तेव्हा सुरुवात इथून करता येईल.

त्या मुलाचं म्हणणं नव्याने लिहून घेतलं गेलं आणि परत पाठवणं थांबलं. निघताना त्यानं विचारलं, "अहाँ फेर आयब?" तुम्ही परत याल? मी दर शनिवारी जातो.

यादी कराल तेव्हा मैथिलीसमोर माझं नाव लिहून ठेवा. रात्री-अपरात्री फोन आला तरी येईन.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
कोथरूड, पुणे