बाईंनी आमचीच तोंडी परीक्षा घेतली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला मांजरांवरचा लेख वाचला, विकत घेऊ नका, दत्तक घ्या, ब्रीडर म्हणजे सगळे पैशासाठी जीव विकणारे, असा एकूण सूर. अर्धा लेख पटला. आमच्या सोसायटीतल्या चार भटक्या मांजरींना मीच रोज खायला घालते, त्यातल्या दोघींचं नसबंदीचं ऑपरेशन पण करून आणलंय. पण सगळ्याच ब्रीडरना तुम्ही एका माळेचे मणी केलंत ते काही बरं वाटलं नाही, म्हणून लिहितेय.

आधी माझीच चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टापायी मोबाईलवर जाहिरात बघून ८ हजाराला पर्शियन पिल्लू आणलं. जाहिरातीत 'सेमी पंच, ट्रिपल कोट' असं काय काय होतं (पंच म्हणजे बसकं नाक, जितकं बसकं तितका भाव जास्त, आणि श्वासाचा न् डोळे गळायचा त्रासही तितकाच जास्त, हे मला फार नंतर कळलं). माणूस स्टेशनबाहेर स्कूटरवर आला, बास्केट हातात दिली, पैसे घेतले, गेला. आई कुठेय, लस झालीय का, मी काही म्हणजे काही विचारलं नाही, पिल्लू इतकं गोड होतं. ३८ दिवसांचं होतं ते. नवव्या दिवशी उलट्या-जुलाब सुरू झाले, डॉक्टर म्हणाले पॅनल्यूको आहे, म्हणजे कुत्र्यांच्या पार्व्हो या जीवघेण्या आजाराचाच मांजरातला भाऊ, आणि दोन दिवसात गेलं. लेक आठवडाभर धड जेवली नाही. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद.

परत मांजर नकोच असं ठरलेलं, पण मैत्रिणीने नाशिकच्या एका रिटायर्ड शिक्षिकेचं नाव सांगितलं. घरात तीन माद्या, एक नर, प्रत्येकीला वर्षातून फार तर एक वेत, बस. सगळे त्यांना बाईच म्हणतात. आम्ही ठाण्याहून गेलो पिल्लू बघायला आणि बाईंनी आमचीच तोंडी परीक्षा घेतली! कितव्या मजल्यावर राहता, खिडक्यांना जाळी आहे का, दिवसभर घरी कोण असतं, रोज केस कोण विंचरणार, गणपतीत गावाला गेलात तर मांजर कुठे. आमचे हे बाहेर येऊन म्हणाले, आपण मांजर घ्यायला आलोय की मुलीचं स्थळ बघायला? पहिल्या भेटीत पिल्लू मिळालंच नाही. खिडकीला जाळी लावून फोटो पाठवा, मग बघू.

आणि तेव्हाही लगेच नाही. १२ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय देत नाही म्हणाल्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला लस, आणि तोपर्यंत आईजवळच, कारण चावायचं किती, नख कधी आत घ्यायचं, हे पिल्लू आई आणि भावंडांकडूनच शिकतं. ब्रिटनच्या जीसीसीएफमध्ये (मांजरांच्या जातींची नोंद ठेवणारी तिथली संस्था) तर म्हणे १३ आठवड्यांच्या आत पिल्लू द्यायचंच नाही असा नियमच आहे. पेडिग्री म्हणजे लांब केस नव्हेत हेही तिथेच कळलं, तो आई-बाप, आजी-पणजीपर्यंतचा कागद असतो. पण त्यांनी आधी दाखवला तो दुसराच कागद, आई-बाप दोघांच्या पीकेडी टेस्टचा रिपोर्ट. पर्शियनमध्ये किडनीत पाण्याच्या गाठी होणारा हा आजार, दोघातल्या एकाला जरी असला तरी प्रत्येक पिल्लाला निम्मा धोका, आणि बऱ्याचदा मांजर सहा-सात वर्षांचं होईपर्यंत बाहेरून पत्ताच लागत नाही. गालात काडी फिरवून टेस्ट होते. स्कूटरवाल्याने हे नाव तरी ऐकलं असेल का.

२५ हजार दिले. सासूबाई म्हणाल्या एवढ्यात दोन शेळ्या आल्या असत्या, दूध तरी मिळालं असतं. बरोबरच आहे त्यांचं. वर बाईंनी लिहून घेतलं की सहा महिन्यांनी नसबंदी करायची, घरी पिल्लं काढायची नाहीत, आणि सांभाळणं जमलं नाही तर परस्पर कुणाला द्यायचं नाही, माझ्याकडे परत आणायचं. साय (आमची मांजर, रंगावरून नाव) घरी आली तेव्हा सोबत आईच्या वासाचा फडका आणि १५ दिवसांचं तिचं नेहमीचं खाणं पण होतं. आता दीड वर्षाची आहे, अजूनही दर महिन्याला बाईंचा मेसेज येतो, वजन किती.

२०१७ साली कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे नियम आले, २०१८ ला पेट शॉपचे. पहिल्याच्या नावातच फक्त कुत्रा आहे, आणि स्कूटरवाल्याचं कुठलं आलंय दुकान? त्याला चाप कसा लावणार हे लेखात यायला हवं होतं, ते सोडून बाईंसारख्यांनाही त्याच्याच रांगेत उभं केलंत.

आणि हो, त्याच रविवारच्या तुमच्या छोट्या जाहिरातींमध्ये 'पर्शियन पिल्लं, ३५ दिवस, होम डिलिव्हरी' अशी जाहिरात आहे. कात्रण सोबत जोडलंय.

– एक वाचक, ठाणे