गलाईवाल्यांचं स्थलांतर तुमच्या नकाशात का नाही?

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला सोन्यामागे धावलेल्या माणसांवरचा लेख मी दोनदा वाचला. कॅलिफोर्निया, बॅलरॅट, जोहान्सबर्ग, क्लोंडाइक, सगळं त्यात आलं आहे. लेखकांनी कष्ट घेतले आहेत हे मान्य. पण शेवटी ते लिहितात की, सोन्यापायी मुलूख सोडण्याचा अनुभव महाराष्ट्राच्या वाट्याला आलाच नाही. हे वाक्य काही केल्या मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

मी खानापूर तालुक्यातला. घरातला एकही माणूस गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी, परमुलखात गेलेला नाही, असं घर आमच्या गावात शोधून काढावं लागेल. आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, पलीकडे माण-खटाव, सगळीकडे हीच गत. केरळ, तमिळनाडू, आंध्र, बंगाल, कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या बोळात भट्टीपाशी आमचा माणूस भेटतो. आपल्या अंकाच्या पंचक्रोशीतली ही गोष्ट आपल्याच अंकाला ठाऊक नसावी, याचं मला वाईट वाटलं.

लेखात पुन्हापुन्हा म्हटलं आहे की सोनं माणसाला ओढून नेतं. आमच्याकडे सोनं नव्हतंच, ओढणार कुठून? महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून शे-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला, दहिवडी-आटपाडीकडे, पाचशेच्या आतबाहेर, तोही बेभरवशाचा. सह्याद्रीने ढग अडवले आणि आमची माणसं गावाबाहेर काढली. सोनं पुढे भेटलं.

माझे वडील, आबा, १९५८ साली तेराव्या वर्षी चुलत्याबरोबर त्रिशूरला गेले. त्रिशूरच का, असं मी लहानपणी विचारायचो. चुलता तिथे होता म्हणून, एवढंच उत्तर मिळायचं. पुढे भूगोल शिकवताना नकाशावर बोट फिरवलं तेव्हा मला ते नीट उमगलं. मिरजेहून मीटरगेजने बंगळूर, तिथे गाडी बदलायची आणि मग पालघाटच्या खिंडीतून पलीकडे. त्या खिंडीच्या तोंडाशी त्रिशूर, दागिने घडवणाऱ्यांचं गाव. डोंगरात फट आहे म्हणून रूळ गेले आणि रूळ गेले म्हणून आमची माणसं गेली.

काम काय होतं, तेही वाचकांना कळू द्या. सोनारांच्या दुकानातली झाडलोट, शेगडीतली राख, हात धुतलेलं पाणीसुद्धा विकत घ्यायचं. माती घमेल्यात धुवायची, उरलेलं मुशीत टाकणखार घालून वितळवायचं. सोनं शुद्ध करायचं तर एका भागाला तीन भाग चांदी मिसळायची आणि ते तेजाबात उकळायचं. चांदी विरघळते, सोनं तळाशी राहतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो विहिरीतला तपकिरी गाळ वाटला. आबा म्हणाले, “बघ, हेच सोनं. भट्टीतनं निघाल्यावर पिवळं दिसंल.” मग त्या तेजाबात तांब्याच्या पट्ट्या सोडून चांदी परत मिळवायची. उकळताना जो तांबूस धूर निघतो त्याने आबांचा घसा कायमचा गेला. शेवटची दहा वर्षं ते कुजबुजल्यासारखे बोलायचे. आम्ही पोरं त्यांच्या ओठांकडे बघून त्यांचं म्हणणं ओळखायचो.

जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. १४ कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी झाली. सोनारच बसले, तर त्यांची माती धुणारा काय करणार? आबा गावी आले आणि लोकांच्या विहिरी खोदू लागले. दोन-तीन वर्षांनी पुन्हा त्रिशूर. १९७२ च्या दुष्काळात आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती आणि आम्ही सुकडीवर दिवस काढत होतो. पुढच्या वर्षी आबा आम्हाला सगळ्यांनाच घेऊन गेले. तेव्हा मी सात वर्षांचा होतो.

तिथे मी मल्याळममधून पाचवी पास झालो. १९७७ मध्ये आजी आजारी पडली आणि आम्ही परत आलो. माझा शाळा सोडल्याचा दाखला मल्याळममध्ये होता. इथल्या शाळेतल्या मुख्याध्यापकांनी तो उलटसुलट करून पाहिला. “हे कोण वाचणार?” म्हणाले आणि मला तिसरीत बसवलं. आईने हात जोडले. आबांनी त्रिशूरहून पत्र लिहिलं. उपयोग झाला नाही. अकरा वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या मुलांत बसून पाढे म्हणत होता. गावात त्या वेळी मल्याळम वाचणारे गलाईवाले दहा तरी होते, सुटीवर आलेले. त्यातल्या एकालाही बोलावणं गेलं नाही. आज साठीला आलो, तरी ते मी विसरलेलो नाही.

पुढे मीच मास्तर झालो. दरवर्षी जूनमध्ये तमिळ, तेलुगू, बंगाली दाखले घेऊन मुलं यायची. मी प्रत्येक वेळी ती लिपी वाचणारा माणूस गावातूनच शोधून आणला आणि एकाही मुलाला मागच्या वर्गात जाऊ दिलं नाही.

लेखकांना एक विनंती. परदेशातलीच उदाहरणं हवी असतील, तरी ढकलणारा हात तिथेही दिसतो. १८६६ मध्ये तांब्याचे भाव कोसळले आणि इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणी बंद पडू लागल्या. ते खाणकामगार दक्षिण ऑस्ट्रेलियात गेले, कॅलिफोर्नियात गेले. आपल्या कोलारलाही आले, १८८० नंतर जॉन टेलर कंपनीने तिथे काम सुरू केल्यावर. कोलारच्या खाणीत खाली उतरणारे बहुतेक मजूर तमिळ आणि तेलुगू, बरेचसे दलित, शेजारच्या कोरडवाहू जिल्ह्यांतले. २८ फेब्रुवारी २००१ ला ती खाण बंद झाली. तिथली माणसं आजही पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामाला जातात. आणि १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा बाहेरून आधी पोचले ते ओरेगन, हवाई, मेक्सिको, चिलीचे लोक. न्यूयॉर्कहून केप हॉर्नला वळसा घालून यायला पाच-सहा महिने लागायचे. कोण आधी पोचणार हे समुद्राने ठरवलं. लेखात मात्र सगळं श्रेय धाडसाला दिलं आहे. आबा धाडसी नव्हते. त्रिशूरच्या पहिल्या रात्री ते अंथरुणात रडले होते, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं आहे.

आता टेंभू सिंचन योजनेचं पाणी आमच्या शिवारात आलं आहे. डाळिंबं, द्राक्षं दिसतात. काही मुलं परत येऊन शेती करू लागली आहेत. यावर आपल्या वार्ताहराने चार दिवस विट्यात राहून लिहावं. गलाईची म्हातारी माणसं अजून हयात आहेत, भरभरून बोलतील. सगळी सोय मी करीन.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या नकाशात क्लोंडाइक अलास्कात दाखवलं आहे. ते कॅनडाच्या युकॉनमध्ये आहे. लोक अलास्काच्या बंदरांत उतरून चिलकूट खिंड चढून पलीकडे जायचे, म्हणून हा घोळ नेहमी होतो. पण खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस उभे असायचे आणि वर्षभराची शिधासामग्री सोबत असल्याशिवाय पुढे सोडत नसत. सरहद्द तिथेच होती, हे त्या प्रत्येक माणसाला पाठीवरच्या ओझ्याने कळत होतं. शाळेतली मुलं आपल्या पुरवणीतले नकाशे कापून वहीत चिकटवतात. माझ्या नातीने हाही चिकटवला आहे. पुढच्या रविवारी दुरुस्त नकाशा छापा, त्याच आकारात, म्हणजे तिला तो जुन्यावर लावता येईल.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
विटा, जि. सांगली