ब्लू सीझनचा आठवडा

मुलुंड पूर्व, गुरुवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू सांगितलंस की फ्लोरिडात ऑर्लँडोला टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधला दरवर्षीचा एक आठवडा, घेतलं, तेव्हा आईने उठून देवापुढे साखर ठेवली. मी गप्प बसलो. जावईबापू शेजारीच होते आणि सासऱ्याने तोंड उघडताच खोडा घातलेला बरा दिसत नाही. पण तू जाता जाता म्हणालीस, "बाबा, तुमच्यासारखं पंचवीस वर्षांत संपणारं नाही हं, हे कायमचं आहे. डीड आहे, मालकीचा नोंदवलेला कागद." त्या एका वाक्याने माझी झोप गेली. म्हणून ही मेल. हिला पत्रच समज.

आमचं टाइमशेअर कसं संपलं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. १९९९ साली दादरच्या एका प्रदर्शनात मी कूपन भरलं. आठवड्याने फोन आला, "अभिनंदन, डिनर सेट लागलाय, मिसेसना घेऊन या." अंधेरीच्या हॉटेलात दोन तास बसवलं, समोसे दिले आणि ८५,००० रुपये हप्त्यांनी भरायच्या करारावर सही घेतली. मी, ज्याने एकतीस वर्षं बँकेत लोकांच्या कर्जाचे कागद तपासले, त्याने आपला कागद न वाचता सही केली. वर सोनेरी अक्षरांत 'ओनरशिप सर्टिफिकेट'. सातव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं की सभासदाला वास्तूत कसलाही हक्क नाही, वापरायची परवानगी तेवढी आहे. आपल्या फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीची सरकारी नोंद, आहे. त्या आठवड्याचा कुठेच नव्हता.

शिवाय तो आठवडा ब्लू सीझनचा, म्हणजे कुणी फिरकत नाही त्या दिवसांतला: महाबळेश्वर आणि जुलै महिना. तुला आठवत असेल, खोलीतल्या खुर्च्यांवर आपले ओले मोजे वाळत टाकलेले, खिडकीबाहेर धुकं, आणि तू विचारत होतीस, "बाबा, पॉइंट कुठाय?" मे महिन्याची रेड सीझन दीडपट महाग होती. पंचवीस वर्षांत आपण गेलो किती वेळा? अकरा. न वापरलेले आठवडे पुढे टाकता यायचे, पण त्यांनाही मुदत असायची आणि ती टळून जायची. वार्षिक मेंटेनन्स मात्र कधी चुकला नाही. गेलो काय, न गेलो काय, बिल हजर. सुरुवातीला २,४०० होतं, शेवटी १५,००० च्या वर आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

२०२४ मध्ये मुदत भरली. पत्र नाही, फोन नाही. मला कळलं कसं, तर एप्रिल आला आणि बिल आलं नाही. मीच फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमचं टेन्युअर कम्प्लीट झालंय, नवीन दहा वर्षांची स्कीम सांगू का?" भरलेले पैसे परत? त्यातलं काही येत नाही. पण देणंही काही उरत नाही. मागची थकबाकी असली तर तेवढी. मला वाटलं होतं वाईट वाटेल. खरं सांगू, हलकं वाटलं.

मुंबईकराला कागदापेक्षा ताबा कळतो. कायदा काहीही म्हणो. भाडेपट्ट्याची मुदत सरली की पट्टा आपोआप संपतो, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तसं कलम आहे, १११. तरी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर पट्टे संपल्यावरही माणसं वर्षानुवर्षं राहतायत, कारण कुलूप त्यांचं आहे. टाइमशेअरमध्ये कुलूप तुझं कधीच नसतं. तू बॅग घेऊन जातेस, सात दिवसांनी किल्ली काउंटरवर ठेवतेस. मुदत संपली की पुढच्या वर्षी किल्ली मिळत नाही, एवढंच.

आता तुझं. तू म्हणालीस, ऑफिसातल्या मैत्रिणीचं डिस्नेचं आहे, पण त्याला 'एक्सपायरी' आहे म्हणून तुम्ही ते नाकारलंत. मी दोन दिवस वाचत बसलोय. डिस्नेच्या जुन्या रिसॉर्टांचे बरेचसे करार ३१ जानेवारी २०४२ ला संपतात. तेही रीतसर नोंदवलेलं डीडच आहे, पण जमिनीच्या भाडेपट्ट्यावरचं. त्या तारखेला सगळं कंपनीकडे परत, मालकाच्या हाती शून्य, आणि त्या दिवसापासून मेंटेनन्सही शून्य. १९९१ साली सुरू झालेल्या त्यांच्या पहिल्या रिसॉर्टच्या मालकांना मधे जादा पैसे भरून २०५७ पर्यंत मुदत वाढवायची सोय दिली होती. काहींनी घेतली, काहींनी नाही. म्हणजे एकाच इमारतीत कुणाचं २०४२, कुणाचं २०५७. संपण्याची तारीख जवळ येईल तसा भाव पडणार हे उघड आहे, पण तारीख तरी ठाऊक आहे.

तुझ्या डीडला तारीखच नाही. त्यालाच तू फायदा समजतेस. मनू, कायमचं काय आहे त्यात? खोली वर्षातून सात दिवस, मेंटेनन्स मात्र वर्षाच्या वर्षाला, आणि तो वाढवणार दुसरेच. विकायला जाशील तेव्हा गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. तिकडे लोक एक डॉलरला विकायला काढतात. तू आणि जावईबापू म्हातारे झालात की ते आर्याच्या नावावर येणार, तिने लिहून नाकारलं नाही तर. आज सहा वर्षांची आहे ती.

विकण्यावरून आठवलं. मुदत संपायच्या दोन वर्षं आधी मला एक फोन आला होता, "सर, तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त एनओसीचे १८,००० भरा." मी पासबुक काढायला निघालो होतो. आई पोळ्या लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "विकतोय आपण, मग पैसे आपण का द्यायचे?" फोन मी ठेवला.

तुम्ही सही शनिवारी केली. फ्लोरिडाच्या कायद्यात सही केल्यापासून दहा दिवसांत, किंवा सगळे कागद हातात पडल्यापासून दहा दिवसांत, यातलं जे नंतर येईल तोवर करार रद्द करता येतो. कारण द्यावं लागत नाही, दंड नाही, आणि हा हक्क सोडून दिल्याचं त्यांनी लिहून घेतलं असलं तरी ते चालत नाही. लेखी कळवायचं, करारात दिलेल्या पत्त्यावर. पोस्टाने पाठवलंस तर शिक्क्याची तारीख धरतात. सही केल्या दिवसापासून धरलं तर येत्या मंगळवारपर्यंत. फोनवर बोलू नकोस, ते लोक फोनवर फार छान बोलतात. रजिस्टर्ड पाठव, पावती जपून ठेव.

रद्द करायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, मला राग येणार नाही. पण आधी सगळ्या पानांचे फोटो मला पाठव. मागच्या बाजूचेसुद्धा. आई विचारतेय, तुम्हाला गिफ्ट काय दिलं? आमच्या डिनर सेटातल्या दोन वाट्या अजून आहेत.

तुझा
बाबा