साथीदाराची उणीव कथेला जाणवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोल-प्लेइंग गेममधील, म्हणजे खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळतो अशा व्हिडिओ गेममधील, साथीदार पात्रे कथानकाला अपरिहार्य असावीत की खेळाडूच्या मर्जीवर सोडावीत, हा वाद या खेळांच्या चाहत्यांमध्ये जुनाच आहे. ज्याला एकट्याने वाटचाल करायची आहे त्याच्या गळ्यात नावडता सोबती बांधू नये, ही मोकळिकीच्या बाजूने होणारी मागणी रास्त आहे. परंतु तिची किंमत कथेला मोजावी लागते, याकडे दुर्लक्ष होते.

जे पात्र कधी भेटणारच नाही किंवा मध्येच मारले जाईल, त्याच्यावर मुख्य कथानकाचा भार टाकायला लेखक धजत नाही, आणि टाकलाच तर पर्यायी सोय करून ठेवतो. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये शॅडोहार्ट या साथीदार स्त्रीजवळची गूढ वस्तू कथेला अत्यावश्यक आहे, पण शॅडोहार्टला सोबत घेतले नाही तरी ती वस्तू आपसूक खेळाडूकडे येते. शॅडोहार्टची स्वतःची कहाणी उत्तम लिहिलेली आहे, हे मान्य करूनही मला ही तडजोड खटकते.

याउलट ‘मास इफेक्ट’ मालिका पाहावी. २००७ च्या पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर क्रोगन या परग्रहवासी जमातीतील रेक्स या साथीदाराशी खटका उडतो आणि त्याची समजूत पटली नाही, तर तो तिथेच मारला जाऊ शकतो. खेळ थांबत नाही. मात्र २०१२ च्या तिसऱ्या भागात, क्रोगनांचा वंश खुंटवणाऱ्या व्याधीवर उपाय करण्याची वेळ येते तेव्हा त्यांचे नेतृत्व रेक्सऐवजी सूडाने पेटलेल्या रीव्ह या दुसऱ्या क्रोगनकडे असते. आणि ईव्ह ही क्रोगन स्त्रीही दगावली असेल, तर एरवी त्या उपायासाठी प्राण देणाऱ्या मॉर्डिन या शास्त्रज्ञालाच तो न करण्यासाठी राजी करता येते. एका साथीदाराच्या नसण्याने संपूर्ण जमातीविषयीचा नैतिक प्रश्न बदलतो. अपरिहार्यता म्हणतात ती हीच, आणि त्यासाठी रेक्सला अमर करून ठेवावे लागलेले नाही.

सक्तीचा साथीदार जाचक होतो, हेही सरसकट खरे नाही. ‘डिस्को इलिझियम’ (२०१९) या खुनाच्या तपासावरील खेळात किम कित्सुरागी हा पोलीस जोडीदार सुरुवातीपासूनच तपासात सोबत असतो. आपल्या प्रत्येक वेडेपणावर तो स्वतःचे मत बाळगतो आणि शेवटपर्यंत सोबत राहिला, तर सहकाऱ्यांसमोर आपल्याविषयी साक्षही देतो. त्याच्याशिवाय ती कथा मला कल्पिताच येत नाही.

म्हणून साथीदाराला नाकारण्याची सोय जरूर ठेवावी. मात्र त्याचे काम दुसऱ्या कुणाकडून गुपचूप उरकून घेऊ नये, आणि हे सारे लिहिणे खर्चाचे होत असेल तर डझनभर साथीदारांऐवजी चारच असावेत, अशी खेळ घडवणाऱ्यांकडे माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक वाचक