पडदा ओढून विचारणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण जळगावात डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा, चार-चार तास तुमच्या हातून सुई टोचून घेणारे आम्ही सगळे तुम्हाला बरोबर ओळखू.

मे महिना होता. हातावरच्या फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या शिरेची, थरथर बघताना तुमचा कोपर माझ्या छातीला लागला आणि मी कळवळलो. एवढ्या उन्हाळ्यात मी गळ्यापर्यंत बटणं का लावतो, हे तुमच्या तेव्हाच लक्षात आलं. तुम्ही पडदा ओढलात, स्टूल जवळ घेतलंत आणि हळूच विचारलंत, "काय व्हयनं भाऊ?"

आठ महिन्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. स्तनाग्राखाली सुपारीएवढी दुखरी गाठ झाली होती. दाढी आठवड्यातून एकदा केली तरी चालत होती. बायकोजवळ जायची इच्छाच मेली होती. रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी द्यायचंय, असं सांगून मी मळ्यातच झोपायचो. ती बिचारी समजायची की तिचंच काही चुकलं. एका पुडीवाल्याला साडेचार हजार रुपये देऊन आलो होतो, हेही त्या दिवशी तुम्हाला सांगून टाकलं. तुम्ही रागावला नाहीत. उरलेल्या पुड्या तेवढ्या मागून घेतल्यात. म्हणालात, असल्या भस्मात शिसं, पारा असू शकतो, आणि तुझ्या किडनीत आता ते सोसायची ताकद नाही.

मग तुम्ही मला माझ्याच भाषेत समजावलंत. ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार साचले की मोटर कितीही जोर लावू दे, पाइपात दाब वाढतो, पण झाडाच्या बुडाशी पाणी पडत नाही. किडनी निकामी झाल्यावर वृषणांचं तसंच होतं. मेंदूकडून एलएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारं हार्मोन, येत राहतं, रक्तात वाढतंही, पण टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन हवं तेवढं तयार होत नाही. त्यात प्रोलॅक्टिन, म्हणजे बायकांत दूध आणणारं हार्मोन, चढतं, कारण ते जास्त स्रवतं आणि किडनीवाटे बाहेरही पडत नाही. ते वरून येणाऱ्या हुकमाची लयही बिघडवतं. डायलिसिसने रक्त साफ होतं, पण हा बिघाड सहसा त्याने सुटत नाही. हे ऐकलं आणि पहिल्यांदा वाटलं, ही माझ्या मर्दपणातली खोट नाही, हा त्याच आजाराचा भाग आहे.

डॉक्टरांशी तुम्हीच बोललात. रक्त सकाळीच द्यायला लावलंत, कारण टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वात जास्त असतं. रिपोर्टात ते खाली आणि प्रोलॅक्टिन वर निघालं. उलटीसाठी मी महिनोन् महिने मेटोक्लोप्रमाइडची गोळी खात होतो, तीही प्रोलॅक्टिन वाढवते. डॉक्टरांनी ती बदलली. दोन महिन्यांत छातीचं दुखणं उतरलं. मी हट्टाने टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन मागितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, मूल हवंय ना? मग बाहेरून हार्मोन घेऊ नकोस, शुक्रजंतू आणखी घटतात. हे मला कोणी सांगितलं नसतं, तर कुठेतरी जाऊन मी ते टोचून घेतलंच असतं.

सगळं ठीक झालंय असं नाही, दादा. किडनी प्रत्यारोपणानंतर बऱ्याच जणांचे हार्मोन सुधारतात, सगळ्यांचे नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. मला किडनी देण्यासाठी आईच्या तपासण्या चालू आहेत. पण तुम्ही हिला बोलावून, "वहिनी, यात तुमचा काही दोष नाही," असं सांगितलंत, त्या रात्री ती खूप रडली आणि मी मळ्यात गेलो नाही.

शनिवारी येतो. बागेतली पहिली फणी तुमच्यासाठी काढून ठेवलीय. पोटॅशियमपायी मला ती चालत नाही, म्हणून तुम्ही माझ्यासमोर केळं खायला संकोचता. या वेळी माझ्यासमोरच खा.

तुमचा,
खिडकीजवळच्या बेडवरचा रावेरकर